कोल्हापूर ते सिंधुदुर्ग किल्ला: एसटीनं मालवण, होडीनं कुरटे बेट

मालवणला जायचं ठरलं की कोल्हापुरात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "गाडी किती वाजता हाय?" मला विचाराल तर हा प्रश्न दुसरा. गाडी थेट नसली तरी दोन टप्प्यांत मिळते, दिवसभरात कधी ना कधी मिळतेच. होडीचं तसं नाही. सिंधुदुर्ग किल्ला मालवणच्या किनाऱ्यापासून अर्धा-पाऊण किलोमीटर आत, कुरटे बेटावर आहे. पूल नाही, पायवाट नाही. होडी सुटली तर किल्ला, नाही सुटली तर जेट्टीवर उभं राहून फोटो. म्हणून बेत करताना होडीपासून उलटं मोजत यायचं. होडी कधी, तर मालवणात कधी पोचायचं, मग कणकवली कधी सोडायची, आणि सगळ्यात शेवटी कोल्हापूरचा स्टँड.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. एका वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी दोन आत्या, त्यांच्या सुना आणि चार पोरं असा सगळा बारदाना घेऊन मालवणला पोचलो. ऊन होतं, आभाळ निवळ होतं आणि बंदरात बावटा लागलेला. वादळाची चाहूल असली की बंदरात इशारा लावतात, तो हा बावटा. होडीवाल्यानं जाळं गुंडाळता गुंडाळता वर न बघताच सांगितलं, "वारो बरो नाय, आज होडी जावची नाय." थोरल्या आत्यानं पदर डोक्यावर घेऊन किल्ल्याकडं बराच वेळ बघितलं आणि मला म्हणाली, "एवढ्या लांबनं येऊन किल्ला लांबनंच बघायचा व्हय रं?" ते वाक्य आमच्या घरात अजून चालू आहे. कुठल्याही फसलेल्या बेताला लागू पडतं.

महिना आधी, तारीख नंतर

मे संपत आला की जलपर्यटन बंद होतं ते ऑगस्ट संपेपर्यंत. या काळात किल्ल्यावर जायचा विचारही करू नका. सप्टेंबरात होड्या सुरू होतात खऱ्या, पण समुद्र पुरता शांत झालेला नसतो. अधूनमधून फेऱ्या थांबतात. नेमका काळ म्हणजे दसरा झाल्यापासून होळीपर्यंत. त्यातही दिवाळीची सुट्टी, नाताळ ते एकतीस डिसेंबर आणि लागून आलेले शनिवार-रविवार टाळता आले तर टाळा. त्या दिवसांत जेट्टीवर रांग लागते आणि लॉजवाले भाव सांगताना नजरेला नजर देत नाहीत.

आणखी एक तारीख सांभाळायची, ती म्हणजे आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा. ती साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येते, पण पंचांगात शोधू नका. तारीख दरवर्षी देवीच्या कौलानं ठरते आणि मग जाहीर होते. जत्रेच्या दिवशी कणकवली-मालवण पट्ट्यातल्या एसट्या जत्रेकडं वळतात आणि मालवणात खोली मिळणं अवघड होतं. जत्रेलाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी.

आता तिथी. भरती-ओहोटीचं गणित कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोटांवर असतं आणि आपल्यालाही पाच मिनिटांत जमतं. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. जे येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ, सकाळीही आणि रात्रीही. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण बेत करायला एवढं पुरतं.

हे कशासाठी? मालवणचं बंदर खडकाळ आहे. पाण्याखाली आणि पाण्याबरोबर खडकांच्या रांगा आहेत आणि त्यांतनं होडी काढायची वाट इथल्याच लोकांना ठाऊक. पूर्ण ओहोटीला पाणी उतरलं की होडीत चढता-उतरताना कसरत वाढते. गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर भरतीच्या आसपासची होडी धरा. म्हणजे दशमी ते द्वादशीला सकाळची वेळ उत्तम, भरती साडेसात ते नऊच्या दरम्यान येते. याउलट पौर्णिमा आणि अमावास्येला उधाण असतं, पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. अष्टमीच्या आसपास भांग असतो, चढउतार कमी. बोट लागण्याची ज्यांना भीती वाटते त्यांनी भांगाचे दिवस बघावेत.

कुठला घाट

कोल्हापुरातनं मालवणकडं उतरायला मुख्य वाटा तीन. पहिली राधानगरी-दाजीपूर-फोंडा घाट-कणकवली. दुसरी गगनबावड्यावरनं. तिथं पुन्हा दोन फाटे, करूळ घाटानं वैभववाडी-तळेरे किंवा भुईबावडा घाटानं खारेपाटणकडं. तिसरी आजरा-आंबोली-सावंतवाडी. आंबोलीची वाट सावंतवाडी-वेंगुर्ल्याला जाणाऱ्यांची, मालवणसाठी ती वळसा घालते. करूळ घाट मध्यंतरी रस्त्याच्या कामासाठी बराच काळ बंद होता, तेव्हा सगळी वाहतूक भुईबावडा आणि फोंड्यावर आली होती. घाट म्हटला की हे होणारच, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी गाडी कुठल्या मार्गे जाते हे विचारूनच ठेवा.

माझं मत फोंडा घाटाला. या वाटेनं मालवण साधारण दीडशे-एकशेसाठ किलोमीटर पडतं आणि एसटी पाच तास घेते. फोंडा घाट उतरला की थेट कणकवली आणि कणकवली हे या प्रवासाचं खरं जंक्शन. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेबद्दल आपण वर्षानुवर्षं ऐकतोय. ती येईल तेव्हा येईल, तोवर लाल परी.

इथं एक गंमत लक्षात ठेवा. फोंडा दोन आहेत. एक घाटाखालचा, कणकवली तालुक्यातला. दुसरा गोव्यातला. पाटीवर दोन्ही सारखेच लिहितात. नुसतं "फोंडा" वाचून गाडीत चढू नका, पुढं कणकवली आहे का पणजी, ते बघा.

स्टँडवर

मालवण, कणकवलीसाठी रेल्वे स्टेशनजवळच्या मध्यवर्ती स्टँडवर यायचं, म्हणजे आपल्या सीबीएसला. गगनबावड्याच्या बाजूच्या बऱ्याच गाड्या रंकाळा स्टँडवरनं असतात. तिथं उभं राहून मालवणची वाट बघत बसलेले पाहुणे मी बघितलेत.

आदल्या दिवशी चौकशी खिडकीवर तीन गोष्टी विचारायच्या. सकाळी मालवणची पहिली थेट गाडी कधी, ती कुठल्या मार्गे आणि ती इथनंच सुटणारी आहे की दुसरीकडनं येऊन पुढं जाणारी. तिसरा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि तिथंच फसतात. इथनं सुटणारी गाडी वेळेवर फलाटाला लागते आणि जागा मिळते. लांबनं येणारी उशिरा येते आणि भरून येते. तशा गाडीचं आरक्षण करून ठेवलेलं बरं, खिडकीवर करा किंवा महामंडळाच्या ॲपवर.

थेट गाडी हुकली तर स्टँडवर बसून पुढच्या थेट गाडीची वाट बघू नका. कणकवलीची कुठलीही गाडी धरा. साडेतीन तासांत कणकवली, तिथनं मालवणला जाणाऱ्या गाड्या दिवसभर चालू असतात, दीड तासाचं काम. कुडाळला उतरण्याचाही पर्याय आहे, तिथनंही मालवणच्या गाड्या आहेत. दोन टप्प्यांत गेलेला माणूस थेट गाडीची वाट बघणाऱ्याच्या आधी मासे खात बसलेला असतो.

तिकिटाचं सांगायचं तर १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीच्या सगळ्या गाड्यांत निम्मं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं, पंचाहत्तरीच्या पुढं फुकट, पण आधार कार्ड किंवा वयाचा तसा पुरावा हातात पाहिजे. पाच ते बारा वर्षांच्या पोरांना अर्धं तिकीट. आमच्या त्या फसलेल्या सहलीत पूर्ण तिकीट काढणारा मी एकटाच असतो आज, एवढी सवलतीची माणसं होती. आणखी कोकण फिरायचं असेल तर महामंडळाचा "आवडेल तेथे प्रवास" पास बघा, चार किंवा सात दिवसांचा मिळतो. नुसतं मालवण जाऊन-येऊन करणाऱ्याला मात्र तो परवडत नाही. सुट्टे पैसे बरोबर ठेवा. सकाळच्या पहिल्या फेरीला कंडक्टर मास्तरांना पाचशेची नोट दाखवून दिवसाची सुरुवात बिघडवू नका.

गाडीत

सकाळी सहा-सातची गाडी सगळ्यात चांगली. दुपारच्या आत मालवण येतं. नोव्हेंबर ते मार्च उसाचा हंगाम असतो आणि परिते-भोगावतीच्या पट्ट्यात ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस चाललेला असतो. त्यांच्यामागं अडकलेली गाडी वेळापत्रक विसरते. उशिरा निघालात की हा हिशेब वाढतो.

ज्यांना गाडी लागते त्यांनी मधल्या बाकावर बसावं, दोन चाकांच्या मधोमध. शेवटचं बाक तर मुळीच नको, घाटात ते पाळण्यासारखं वर-खाली होतं. सकाळी निघताना मिसळ-कटवडा हाणून बसू नका. मला माहीत आहे की हे सांगणं व्यर्थ आहे, तरी सांगतो. आवळा सुपारी, आलेपाक, लिंबू, एक जाड पिशवी, आणि मोबाईल खिशात. वळणांवर खाली बघितलं की पोट वर येतं.

राधानगरीच्या पुढं धरणाचा परिसर लागतो. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेला हा लक्ष्मी तलाव, पुढं दाजीपूरचं गव्यांचं जंगल. थंडीच्या दिवसांत सकाळी इथं इतकं धुकं असतं की ड्रायव्हर मामा काचेला नाक लावून गाडी चालवतात. कोल्हापूरकर स्वेटर, कानटोपी, मफलर अशा थाटात बसलेले असतात. घाट सुरू झाला की दहा मिनिटांनी कुणीतरी मफलर सोडतो. निम्म्या घाटात स्वेटर निघतो. फोंड्यात गाडी थांबते तेव्हा सगळे शर्टाची वरची गुंडी सोडून खिडक्या उघडायला झटत असतात. म्हणून थंडीचे कपडे वरनं घातलेले असू द्या, आणि ते कोंबायला एक रिकामी पिशवी.

कणकवलीला गाडी दहा-पंधरा मिनिटं थांबते. किती वेळ थांबणार हे उतरण्याआधी मास्तरांना विचारा आणि गाडीचा नंबर बघून ठेवा. लाल गाड्या सगळ्या सारख्याच दिसतात. चहा पिऊन परत येईपर्यंत आपली गाडी बाजूच्या फलाटाला सरकलेली असू शकते. तिथनं महामार्गानं कसाल, कसालला उजवीकडं वळून मालवण. शेवटच्या तासात खिडकीतनं माडांच्या बागा, चिऱ्याची घरं आणि तांबडी माती.

मालवणात पोचल्यावर लगेच किल्ल्यावर पळू नका

एका दिवसात जाऊन-येऊन करता येतं. सहाची गाडी, अकरा-साडेअकराला मालवण, बाराची होडी, दीडला परत, जेवण, तीनची गाडी, रात्री आठ-नऊला कोल्हापूर. मी एकदा केलंय, परत करणार नाही. भर दुपारी किल्ल्यावर सावली नाही, तट तापलेला, आणि डोक्यात सारखं परतीच्या गाडीचं. आज पोचा, उद्या पहिल्या होडीनं जा. सकाळी वारा कमी असतो आणि पाणी बहुधा संथ. दुपारनंतर वारा उठतो, लाटा चढतात आणि होडी जास्त हलते.

मुक्काम मालवण शहरातच करा. तारकर्ली सुंदर आहे, पण सहा-सात किलोमीटर लांब आणि सकाळी लवकर रिक्षाची वाट बघावी लागते. स्टँडपासून बंदर चालत जाण्यासारखं आहे, त्या पट्ट्यात घरगुती खोल्या मिळतात. खोली घेताना गरम पाणी आणि न्याहारी किती वाजता मिळेल एवढं विचारा. आठला होडी धरायची तर न्याहारी साडेसातला हवी.

पहिल्या संध्याकाळी दोन-तीन गोष्टी होतात. किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा बघा. किल्ल्याची मुहूर्तमेढ रोवण्याआधी शिवाजी महाराजांनी इथं पूजा केली असं मानतात. तिथी चतुर्दशी-पौर्णिमेची असेल तर संध्याकाळी साडेचार-पाचला ओहोटी येते आणि पाणी उतरल्यावर लोक पद्मगडाकडं चालत जातात. किनारा आणि सिंधुदुर्गाच्या मधला हा छोटा गड. एकट्यानं, विचारल्याशिवाय जाऊ नका. किनाऱ्यावरच्या माणसाला आधी विचारा, "दादा, पाणी कधी चढतंय?" आणि त्यानं सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी परत या. संध्याकाळी बंदराजवळ मासळीचा लिलाव असतो. पाटीतले बांगडे अजून चमकत असतात आणि बोली कळायच्या आत माल गेलेला असतो. आपण फक्त बाजूला उभं राहायचं, मधे नाही.

जेवणाबद्दल एवढंच की थाळी मागवायच्या आधी आज काय ताजं आलंय ते विचारा. मेनूवर सुरमई असली तरी त्या दिवशी बांगडा किंवा सौंदाळे भारी असू शकतात. तांबड्या रश्श्याच्या सवयीनं मालवणी आमटी मिळमिळीत वाटेल असं समजून मिरची मागू नका. दोन घास थांबा. खोबऱ्याच्या मागनं तिखट येतं.

होडी

सकाळी आठच्या सुमाराला जेट्टीवर या. तिकीट जाऊन-येऊनचं एकत्र असतं, दर फलकावर लिहिलेले असतात. रोख पैसे ठेवा. एक होडी भरली की सुटते. पहिली भरायला थोडा वेळ लागतो, त्यात घाई करण्यासारखं काही नाही.

लाइफ जॅकेट देतात. ते अंगात घाला, मांडीवर ठेवू नका, आणि पट्टे लावा. पोरांच्या मापाचं नसेल तर मागून घ्या. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता. समुद्र ओळखीचा वाटला तरी तो रंकाळा नाही. होडीत दाटी वाटली तर पुढच्या होडीला थांबा, कुणी काही म्हणत नाही.

चढताना होडी वर-खाली होत असते. लोक ती खाली जाताना पाय टाकतात आणि आदळतात. ती वर येऊन क्षणभर थांबते तेव्हा पाय ठेवायचा. खलाशी हात पुढं करतो, त्याचं मनगट धरा, बोटं नव्हे. आत गेल्यावर लगेच बसा. फोटोसाठी सगळे एका बाजूला झुकले की तांडेल, म्हणजे होडी हाकणारा, ओरडतो आणि त्याचं बरोबर असतं. बोट लागत असेल तर इंजिनाच्या धुरापासून लांब बसा आणि नजर पाण्यावर न ठेवता किल्ल्याच्या तटावर ठेवा, तो हलत नाही.

पायात काय घालायचं, यावर मी बोलणारच. कोल्हापुरी चप्पल घालून होडीत बसू नका. एकदा कापशीची नवी जोडी घालून गेलो होतो, दिमाखात. किल्ल्याच्या पायरीवर उतरताना लाट आली, घोट्यापर्यंत भिजलो. खारं पाणी चामड्यात मुरलं, वाळल्यावर चप्पल पापडासारखी कडक झाली आणि कडेनं पांढरी मिठाची रेघ उमटली. तेल लावलं, पाणी लावलं, ती काही परत पहिल्यासारखी झाली नाही. शिवाय शेवाळलेल्या दगडावर चामड्याचा तळ सरकतो तो वेगळाच. रबरी तळाची, मागं पट्टा असलेली सँडल घाला.

दहा-पंधरा मिनिटांचा प्रवास. होडी किल्ल्याच्या अगदी जवळ येते तरी दरवाजा दिसत नाही. समोर नुसता तट. बरोबरचा कुणीतरी विचारतोच, "आत शिरायचं कुठनं?" होडी तटाला लागते, तुम्ही उतरून चार पावलं चालता आणि मग दोन बुरुजांच्या बेचक्यात वळून बसलेला दरवाजा दिसतो. शत्रूची तोफ त्याच्यावर सरळ रोखता येऊ नये म्हणून ही रचना. पुस्तकात वाचून हे कळत नाही, होडीतनं बघितलं की पटतं.

उतरल्यावर पहिलं काम म्हणजे आपल्या होडीच्या नावाचा आणि नंबरचा मोबाईलवर फोटो काढा. परतीला त्याच होडीनं यायचं असतं आणि वर साधारण तासभर मिळतो. नेमकं किती वाजता परत यायचं ते तांडेलाला विचारून घ्या. जास्त वेळ थांबायचं असेल तर तेव्हाच सांगा, मागनं येणाऱ्या होडीनं घेतील का विचारा. सकाळच्या वेळी ते सहज जमतं, रविवारी दुपारी जमत नाही.

वर एक तास

किल्ल्याचं बांधकाम २५ नोव्हेंबर १६६४ ला सुरू झालं आणि तीन वर्षांत, १६६७ मध्ये, पुरं झालं. काम हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली झालं. क्षेत्र ४८ एकर, तटाची लांबी सुमारे तीन किलोमीटर, बुरुज ४२. पायाच्या दगडांत शिसं ओतलेलं. एका तासात सगळा तट फिरून होत नाही, म्हणून निवडायला लागतं.

माझी वाट अशी. दरवाजातनं आत आल्यावर महाराजांच्या हाताचा आणि पायाचा चुन्यातला ठसा, घुमटीत जपलेला. तिथनं सरळ शिवराजेश्वर मंदिर. हे राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलं. आतली शिवाजी महाराजांची मूर्ती आपल्या सवयीची नाही, महाराजांना दाढी नाही. सभामंडप कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी बांधून दिलेला. कोल्हापूरकरानं इथं दोन मिनिटं जास्त थांबावं, कारण हा किल्ला एके काळी करवीर गादीचा होता. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो घेतला, फोर्ट ऑगस्टस असं नावही ठेवलं, मग तो कोल्हापूरकडं परत आला आणि १८१२ च्या तहानं कायमचा इंग्रजांकडं गेला. म्हणजे पाच तासांचा प्रवास करून आपण आपल्याच जुन्या घरी पाहुणे म्हणून आलेलो असतो.

पुढं दूधविहीर, दहीविहीर, साखरविहीर. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मधे गोडं पाणी. एका पोराला बरोबर घेऊन गेलात तर त्याला हे समजावून सांगण्यात दहा मिनिटं जातात, ती जाऊ द्या. वेळ उरला तर तटावर चढून राणीच्या वेळेकडं जा. तटाबाहेरची ही वाळूची चिमुकली पुळण, ताराराणी इथं समुद्रस्नानाला येत असं सांगतात. पाण्यात उतरू नका, वरनं बघा. किल्ल्यावर अजून काही कुटुंबं राहतात. त्यांच्याकडं कोकम सरबत मिळतं, ते घ्या, आणि प्लॅस्टिकची बाटली होडीतनं परत आणा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात हा आहे आणि आपला पन्हाळाही. पन्हाळ्यावर कागद टाकणारे इथंही टाकतात, एवढंच साम्य नको होतं.

परत

साडेदहापर्यंत जेट्टीवर परत याल. खोली सोडा, स्टँडवर जाऊन थेट गाडीची वेळ बघा, नाहीतर कणकवलीची पहिली दिसेल ती धरा. रात्री उशिरा घाट चढायची वेळ आणू नका. त्यातही कणकवलीहून कोल्हापूरची शेवटची गाडी कधी, हे सकाळीच विचारून ठेवायचं.

बाजारातनं मालवणी खाजा, कोकम आगळ आणि मालवणी मसाला घ्या, हे विनातक्रार प्रवास करतात. आगळाची बाटली मात्र उभी ठेवा आणि झाकणाला पिशवी बांधा, घाटात ती सांडली की स्वेटरवरचा डाग निघत नाही. सुक्या बांगड्यांची गोष्ट वेगळी. प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांतही त्यांचा वास दाजीपूरला पोचेपर्यंत सगळ्या गाडीला कळतो आणि मास्तर एकेक बाक हुंगत येतात. घरनं येतानाच घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आणा, बांगडे कागदात गुंडाळून त्यात भरा, आणि डबा आपल्या सीटखाली ठेवा, दुसऱ्याच्या नव्हे.